अचानक तपासणीची आगाऊ सूचना

"मूल्यमापन ना? तीन आठवड्यांत उरकतो!"

ओकुताकी गावच्या कचेरीत, आरोग्य विभागाच्या शेगडीभोवती जमलेल्या साऱ्या मंडळींसमोर नोबुओ करासावाने हे छाती पुढे काढून सांगितलं, तेव्हा त्याचं वय होतं चोवीस. त्या वयात माणसाला तीन आठवडे म्हणजे फार वेळ वाटतो! आज पंचेचाळीस वर्षांनंतर ती शेगडी नाही, तिच्यावर सदा गुणगुणणारी पितळी किटली नाही, आणि खरं सांगायचं तर ती छातीही राहिलेली नाही. पण जपानातल्या शिनशूच्या त्या डोंगरी गावात जुनी माणसं चहाला बसली की अजून कुणीतरी विषय काढतंच, "तुला ते मिठाचं आठवतं का रे?" आणि नोबुओचे कान आजही लाल होतात.

तर प्रकरण मिठाचं होतं. ओकुताकीची माणसं खारट खायची. म्हणजे कशी? मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचं, सार असं करायची की चमचा उभा राहावा, आणि वर लोणचं. साठीच्या आत माणसं पक्षाघाताने आडवी व्हायची. म्हणून प्रांत कचेरीने गावाला एक स्वयंपाकगाडी दिली होती. फिक्या हिरव्या रंगाची, मागचं दार वर उचललं की आत दोन शेगड्या, एक ओटा, एक मोरी. आरोग्यसेविका मियाशिताबाई ती गाडी घेऊन नऊ वर्षं वाडीवाडीतून हिंडल्या. बायकांना गोळा करायच्या, कमी मिठाचं सार करून चाखायला द्यायच्या. पहिली दोन वर्षं बायका चाखायच्या, "वा वा" म्हणायच्या आणि घरी जाऊन दुप्पट मिसो घालायच्या. तरी बाई हटल्या नाहीत. त्या गाडीचा भोंगा वाजला की कुत्रीसुद्धा ओळखीने शेपूट हलवायची.

आता प्रांत कचेरीचं पत्र आलं होतं. कार्यक्रमाचा उपयोग होतोय का, याचं मूल्यमापन करा. नाही तर एप्रिलपासून गाडी बंद. आणि खाली एक ओळ होती, गावातल्या पाच जणांचं सल्लागार मंडळ नेमून त्यांच्या विचाराने काम करावं.

"हे मंडळ कशाला हो?" नोबुओने विभागप्रमुख ओदागिरींना विचारलं.

"पत्रात आहे म्हणून," ओदागिरी म्हणाले. ओदागिरी असे होते की पत्रात असतं तर त्यांनी बेडकांचंही मंडळ नेमलं असतं. "चहा पाजायचा, मान डोलवून घ्यायची, शिक्के घ्यायचे. अर्ध्या तासाचं काम!"

मंडळ जमलं. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक कोईके मास्तर. त्यांच्या हातच्या छड्या खुद्द ओदागिरींनी खाल्लेल्या, त्यामुळे ओदागिरी त्यांच्यासमोर अजून सावधान उभे राहायचे. शेजारी हिराबायाशी तोफूवाले. ते पहाटे तीनला उठणार, म्हणून सभेत शेगडीची ऊब लागली की डोळा लागणार, आणि कुणी कोपर मारलं की एकदम "सहमत!" म्हणणार. आणखी दोन बाया आल्या होत्या, त्या एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत होत्या. आणि मोमोसे तात्सु आजी. वय चौऱ्याहत्तर, उंची जेमतेम टेबलाएवढी, आणि जीभ मात्र सुरीसारखी.

नोबुओने फळ्यावर आकृती काढली. त्यात बावीस घरं, सकाळचं सार, साराच्या पातेल्यात बुडवायचा नवा कोरा मीठमापक. "पूर्वी सारात मीठ होतं शेकडा एक पूर्णांक चार. आता किती आहे ते बघायचं. आणि तपासणी अचानक करायची! कुणाला न सांगता! म्हणजे खरं काय ते कळेल."

"पोरा," तात्सु आजी म्हणाल्या, "सारात बघून काय करणार? घोडं पेंड खातंय ते चहाच्या वेळी. दहा वाजता चहा, तीन वाजता चहा, आणि प्रत्येक चहाबरोबर बशीभर लोणचं."

"आजी, लोणच्याला तक्त्यात रकाना नाही."

"मग पाड की एक."

"तक्ता छापून आलाय."

"आणि असं न सांगता कुणाच्या घरात शिरायचं? तुझ्या आजीने हे शिकवलं तुला?"

"शास्त्रीय पद्धत आहे ती, आजी," नोबुओ अशा समजूतदारपणे हसला की ते हसू आठवून आज त्याला स्वतःलाच चापट मारावीशी वाटते. "आपला मुद्दा टिपून घेतलाय. बरं, मग सगळ्यांची संमती?"

कुणीतरी कोपर मारलं. "सहमत!" तोफूवाले दचकून म्हणाले.

एकोणतीस मिनिटं लागली!

आता पुढचं जे घडलं ते नोबुओने मुद्दाम केलं नाही, हे आधी सांगायला हवं. हात सवयीने चालतात. ओकुताकीत घराघराशी संबंध असलेली कोणतीही गोष्ट फिरत्या पाटीवर जायची. एक लाकडी फळी, तिला चिमटा, चिमट्यात कागद. या घरातून त्या घरात जायची, वाचलं की आपला शिक्का मारून शेजारी द्यायची. गटार सफाई, शाळेचे खेळ, कुणाचं मांजर हरवलं, सगळं त्या पाटीवर. पाटी घेऊन गेलं की शेजारीण "बस की जरा" म्हणायची, आणि पाऊण तास जायचा. आता फोनवर निरोप येतात, वाचतं कोण? तेव्हा ती फळी म्हणजे गावाचा श्वास होती.

तर नोबुओने सभेचा ठराव सुवाच्य अक्षरात लिहिला, त्याला नियमाप्रमाणे सूचना जोडली आणि ती मंजुरीला पाठवली. कागद टेबलाटेबलावरून फिरला, वर गेला, खाली आला. त्यावर एकूण सात शिक्के पडले, आणि त्याच्या प्रती निघून अठरा वाड्यांच्या अठरा पाट्यांवर लागल्या. सात जणांनी तो वाचला. सात जणांनी शिक्का सरळ पडलाय ना, हे बघितलं. मजकूर असा होता, "दिनांक पाच डिसेंबर रोजी सकाळी सात वाजल्यापासून, कोणतीही पूर्वसूचना न देता, घरोघरी साराची अचानक तपासणी करण्यात येईल. सर्वांनी घरी राहून सहकार्य करावे."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

पाच डिसेंबर. डोंगरावर पहिला बर्फ, घराघरांच्या वळचणीला वाळत घातलेली पर्सिमनची नारिंगी फळं, आणि नुकतं मुरलेलं पाल्याचं नवं लोणचं! या शेवटच्या गोष्टीकडे नोबुओचं लक्ष गेलं नव्हतं. थंडी पडली की गावभरच्या बायका पिंपंच्या पिंपं नोझावाना नावाच्या भाजीचा पाला खारवतात, आणि पहिल्या पिंपाचं झाकण उघडतं ते नेमकं याच आठवड्यात. या दिवसांत घरी आलेल्याने लोणचं चाखलं नाही, तर त्या घराशी पुढल्या वर्षापर्यंत बोलायची सोय राहत नाही.

पहिल्या घराचं दार त्याने ठोठावायच्या आतच उघडलं. "आलात? या, या! वाटच बघत होतो!"

नोबुओला जरा नवल वाटलं. पण गाव आतिथ्यशील, असं म्हणून त्याने पातेल्यात मीठमापक बुडवला. शून्य पूर्णांक तीन! त्याने मापक झटकला, पुन्हा बुडवला. तेच. काय यश! काय कार्यक्रम!

"झालं ना तपासून? आता बसा. चहा घ्या. आणि हे आमचं यंदाचं."

बशीत हिरवंगार लोणचं. खाल्लं. दुसऱ्या घरी शून्य पूर्णांक चार आणि बशी. तिसऱ्या घरी शून्य पूर्णांक तीन, बशी, आणि वर प्रश्न, "शेजारी किती तुकडे खाल्लेत?"

"चार."

"मग आमचे पाच तरी खा. का आमचं आवडलं नाही?"

पाच खाल्ले. चौथ्या घरात सहा झाले. सातव्या घरी त्याने आकडा कमी सांगायचा प्रयत्न केला, पण शेजारणींमध्ये बातमी त्याच्याही आधी पोचत होती. अकराव्या घरी म्हातारे आजोबा म्हणाले, "हे मुळ्याचंही घे, मिसोत तीन वर्षं मुरवलंय." पंधराव्या घरी जीभ टाळूला चिकटली. अठराव्या घरी बूट पायांत जाईनात, कारण पाय सुजले होते. बाविसाव्या घरातून तो बाहेर आला आणि सरळ वळचणीचा बर्फ ओंजळीत घेऊन खायला लागला!

कचेरीत पोचला तेव्हा तोंड भोपळ्यासारखं झालं होतं. पण वही वर धरून तो ओरडला, "सरासरी शून्य पूर्णांक तीन! बाई, तुम्ही जिंकलात!"

ओदागिरींनी तिथल्या तिथे प्रांत कचेरीला फोन लावला. मियाशिताबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आधी नोबुओला खुर्चीत बसवलं, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, आणि काट्याकडे बघत म्हणाल्या, "एकशे अडुसष्ट. सकाळी किती होता?"

"एकशे अठरा."

"आणि सारात शून्य पूर्णांक तीन? नोबुओ, मी इस्पितळातल्या आजाऱ्यालाही इतकं अळणी देत नाही. हे सार नाही, बाळा. हे भांडी विसळलेलं पाणी आहे."

तेवढ्यात ओदागिरी फोन ठेवून आले. चेहरा असा, की हसावं का रडावं हे पत्रात शोधत होते. "सुगाया साहेब फार खूश झाले. म्हणाले, उद्दिष्ट पूर्ण! अभिनंदनाला स्वतः येणार आहेत येत्या गुरुवारी. आणि काम पूर्णच झालंय म्हणून... एप्रिलपासून गाडी पलीकडच्या खोऱ्यात पाठवणार."

किटली तेवढी गुणगुणत राहिली. मियाशिताबाई उठल्या, बाहेर गाडीपाशी गेल्या आणि आधीच लख्ख घासलेली डाव पुन्हा घासत बसल्या. नोबुओने खिडकीतून ते पाहिलं आणि त्याला इतकं वाईट वाटलं की त्याची तहानसुद्धा गेली. वाईट निकाल लागला असता तर गाडी जाणार होती. इतका चांगला लागला, तरी गाडी चाललीच! हे कुणाच्या आकृतीत होतं?

तो तडक तात्सु आजींच्या घरी गेला. "आजी, साऱ्या गावाने सारात पाणी ओतलं! का?"

"का म्हणजे?" आजींनी भिंतीवरची फिरती पाटी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "हे तूच कळवलंस ना?"

नोबुओने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग 'पूर्वसूचना न देता' या शब्दांवर बोट ठेवून तो तसाच बसला. "आजी... हे माझं अक्षर आहे."

"हो, छान आहे अक्षर. कोईके मास्तरांचं वळण दिसतं."

"पण म्हणून फसवायचं?"

"फसवलं कुणी?" आजी खरंच रागावल्या. "दारी आलेल्याला त्याच्या पथ्याचं वाढायचं, ही रीत आहे आपली. तू बिनमिठाचं शोधत येणार होतास. तुला खारट देऊन परत पाठवायचं? आणि त्या बिचाऱ्या बाईला खाली मान घालायला लावायची? सगळ्या गावाने दोन दोन तांबे पाणी ओतलं ते तुमच्या दोघांच्या मायेपोटी! सांगितलं होतं तुला, लोणच्याचा रकाना पाड म्हणून."

नोबुओने मान खाली घातली. आजींनी सवयीने बशी पुढे सरकवली, त्याच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि बशी मागे घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात कुणी लोणचं मागे घेतलं असेल!

मंडळाची दुसरी सभा आजींच्या घरीच भरली. नोबुओने या वेळी वही मुद्दाम मिटून ठेवली होती. "माझं चुकलं," तो म्हणाला. "आता काय करू ते तुम्ही सांगा."

मग चक्क हिराबायाशी तोफूवाले बोलले, कुणी कोपर न मारता! "पोरा, मागच्या वेळी तू आमची सहमती मागितलीस, मी ती दिली. सल्ला आज मागतोयस. सल्ला मागितला असतास तर मी जागा राहिलो असतो की!"

"खरं सांगून टाका," कोईके मास्तर म्हणाले.

"मास्तर, त्या कागदावर आमच्या सहा जणांचे शिक्के आहेत!" ओदागिरी खुर्चीच्या कडेवर येऊन म्हणाले. "खुद्द गावप्रमुखांचा आहे! सगळ्या कचेरीची लाज जाईल!"

"सहा कसे?" आजींनी पाटी दिव्याकडे धरली. "इथे सात दिसतात मला. सातवा जरा पुसट आहे."

ओदागिरींनी पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "आजी, ही पाटी तुमच्याकडेच ठेवा," ते अगदी हळू म्हणाले. "गुरुवारपर्यंत."

गुरुवारी सुगाया साहेब आले. उंच, सडपातळ माणूस, काळा कोट, हातात अभिनंदनपत्राची नळी. आता साहेब गावात आला आणि मंडळाच्या सभासदांकडे चहाला गेला नाही, असं कसं चालेल? पाच सभासद, पाच घरं. पहिल्या घरी साहेबांनी चार तुकडे खाऊन "वा!" म्हटलं. दुसऱ्या घरी घरच्यांनी विचारलं, "तिकडे किती खाल्लेत?" नोबुओ मागून चालत होता आणि त्याला साहेबांची इतकी दया आली की त्याने दोन बशा स्वतः संपवल्या. चौथ्या घरी साहेबांनी पाणी मागितलं. पाचवं घर आजींचं. तिथे साहेबांनी तिसरा पेला रिकामा करून कॉलरचं बटण सैल केलं, तोच मियाशिताबाई पट्टा घेऊन पुढे झाल्या. "साहेब, जरा हात पुढे करता?"

"एकशे चोपन्न," त्या म्हणाल्या.

"अशक्य! मला कधीच नव्हता! आणि या गावात तर मीठ खातच नाहीत!"

हीच वेळ होती. गप्प बसलं तर नोकरी राहील, नाव होईल, आणि फक्त गाडी जाईल. पण बावीस घरचं मीठ पोटात होतं, आणि खाल्ल्या मिठाला जागायचं नाही तर कशाला जागायचं? त्याने चटईवर कपाळ टेकलं आणि सगळं सांगून टाकलं, सूचना, पाणी, आकडे, सगळं. "चूक माझी आहे. गावाने फक्त पाहुणचार केला. गाडीचं काम संपलेलं नाही, साहेब. अर्ध्यावर आहे. गाडी नेऊ नका."

साहेबांचा चेहरा गोठला. "स्वतःच आगाऊ कळवून अचानक तपासणी? असला बिनडोकपणा वाचून मंजूर करणारे शहाणे तरी कोण?"

ओदागिरी छताकडे बघायला लागले. तात्सु आजींनी पाटी पुढे केली. "मीही तेच म्हणते हो साहेब. हे सहा शिक्के आमच्या ओळखीचे. हा सातवा कुणाचा? माझी नजर आता अधू झाली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. बराच वेळ पुसट शिक्क्याकडे पाहिलं. मग अभिनंदनपत्राची नळी हळूच कोटाच्या आत सरकवली आणि म्हणाले, "आजी, आणखी एक पेला पाणी मिळेल का?"

सातवा शिक्का सुगाया साहेबांचाच होता!

गाडी राहिली. "मूल्यमापनाची पद्धत सुधारण्यासाठी तीन वर्षं मुदतवाढ" असं पत्र आलं, त्यावर शिक्का अगदी ठळक होता. पद्धत मंडळाने ठरवली. लोणच्याचा रकाना पडला. पण पिंपातल्या मिठाचं खरं कोण सांगणार, असं नोबुओने विचारलं, तेव्हा आजी हसून हसून खोकल्या. "स्वतःच्या पिंपाचं कुणी खरं सांगणार नाही, पोरा. शेजारणीच्या पिंपाचं विचार! चिमटीपर्यंत हिशोब मिळेल!"

मिळाला! इतकी चोख माहिती त्या प्रांतात कुणी गोळा केली नव्हती. तीन वर्षांनी सार खरोखर एक पूर्णांक एकवर आलं, आणि पिंपातलं मीठ तिसऱ्या हिश्श्याने उतरलं. मियाशिताबाई त्या दिवशी गाडीच्या मागे उभ्या राहून रडल्या आणि म्हणाल्या की कांदा चिरत होते. ओट्यावर कांदा नव्हता.

आता आजी नाहीत, मास्तर नाहीत, तोफूवाल्यांच्या दुकानाच्या जागी गाड्या लावायची मोकळी जागा झालीय. त्यांची आठवण आली की नोबुओला अजून तहान लागते. तो एकोणसत्तरीचा आहे, आणि आरोग्य कार्यक्रमाच्या सल्लागार मंडळावर तोच ज्येष्ठ सभासद. गेल्या महिन्यात कचेरीतली नवी पोरगी, चिहारु, आकृती घेऊन मंडळासमोर आली. या वेळी म्हाताऱ्यांच्या घरचं सार तपासायचं होतं.

"पोरी, एक लक्षात ठेव," नोबुओने तिला सगळी गोष्ट सांगितली. पाटी, पाणी, बावीस बशा. तो तासभर बोलला. चिहारुने एकेक शब्द टिपून घेतला आणि फार समजूतदारपणे हसली. "आपला मुद्दा महत्त्वाचा आहे, आजोबा. मग सगळ्यांची संमती?"

मंगळवारी फिरती पाटी आली. आजकाल ती क्वचितच येते. शेजारीण देऊन गेली. नोबुओने चष्मा लावून वाचलं, 'येत्या शुक्रवारी, कोणतीही पूर्वसूचना न देता...'

पोरीचं अक्षर छान होतं. मग त्याने आपला शिक्का मारला, सरळ पडलाय ना ते बघितलं, आणि पाटी पुढच्या घरी देऊन आला.

आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता, साराच्या पातेल्यात त्याने दोन तांबे पाणी ओतलं. काय करणार? दारी आलेल्या पोरीला तिच्या पथ्याचं नको वाढायला?